गिल्दोने मारलेली रेघ

नीव्हेस कांदोत्तीने उंच उडी सोडली त्याला दोन वर्षं उलटली होती. मधे एक बाळंतपण झालं होतं. तरी त्या शुक्रवारी सकाळी तिचा विक्रम तीन सेंटिमीटरने वाढला.

तिला स्वतःला हे ब्रूनाच्या बारमध्ये कळलं. आठ महिन्यांच्या इर्माला कडेवर घेऊन ती कॉफी प्यायला आत शिरली, तर काउंटरमागून ब्रूना ओरडली, "अरे, कुणीतरी चौकट वर उचला! बाईंचं डोकं आपटेल."

कोपऱ्यातले चारही म्हातारे हसले. नीव्हेसही हसली, कारण लुव्हीनिस गावात कशावर हसायचं ते नंतर विचारायचं असतं. मग तिने विचारलं, "झालं काय?"

"मला काय विचारतेस? या दुइलिओला विचार. सकाळपासून तुझ्या नावावर तिसरा ग्लास चाललाय."

दुइलिओ म्हणजे गावचा निवृत्त पोस्टमन. उंची एक मीटर ब्याण्णव, आणि ही उंची सैन्यातल्या कागदावर लिहिलेली आहे हे तो दर भेटीत सांगायचा. त्याने आधी ग्लास संपवला, मिशी पुसली आणि साक्ष द्यावी तसा उभा राहिला.

"मी पंचायतीसमोरून चाललो होतो. तुझ्या शिळेवर ती चादर टाकलीय ना, तुझ्या आईची, रविवारी उघडायची म्हणून. तर वाऱ्याने ती जरा उडाली."

"वाऱ्याने?" ब्रूना म्हणाली. "आज पान हलत नाहीये."

"बरं, मी उचलली. आता पुढचं ऐक. रेघ छान मारलीय. खाली आकडा कोरलाय, एक मीटर चौऱ्याण्णव. मी म्हटलं, बघू तरी पोरगी आपल्या डोक्यावरून गेली असती का. उभा राहिलो भिंतीला टेकून. मी ब्याण्णव. म्हणजे डोक्यावर एक बोट मावायला पाहिजे, बरोबर? मी एक बोट घातलं. मग दुसरं घातलं. मग तिसरं."

"तू आखडला असशील म्हातारपणी," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हेच मला वाटलं! म्हणून घरी जाऊन घडीची पट्टी आणली." दुइलिओने खिशातून पिवळी लाकडी पट्टी काढून हवेत उलगडली. "एक मीटर सत्त्याण्णव. दोनदा मोजलं. पोरी, बाळंतपण मानवलं तुला. असंच चालू ठेवलंस तर नाताळपर्यंत दोन मीटर."

बार हसून हसून लोळला. इर्माला कारण कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हटल्यावर तिनेही दोन दात दाखवले. नीव्हेसचं हसू मात्र मधेच अडकलं, कारण कप पुसता पुसता ब्रूना हळू आवाजात म्हणाली, "गेले ग गिल्दोचे डोळे. वाईट वाटतं."

"साठ वर्षांत त्या माणसाची भिंत कधी बोटभर हलली नाही," दुइलिओ म्हणाला. आता तोही हसत नव्हता. "मी कुणाला बोललेलो नाही हं."

"कुणालाच नाही?"

"म्हणजे, बेकरीत बोललो. आणि पोस्टात. पाद्रीबाबा वाटेत भेटले."

नीव्हेसने उभ्या उभ्या कॉफी घशात ओतली आणि बाहेर पडली.

गिल्दो तिचा बाप. वय शहात्तर, व्यवसाय गवंडी आणि पाथरवट, आणि मोजमाप हा त्याचा धर्म. रविवारी तो चर्चमध्ये जायचा तो प्रार्थनेपेक्षा कमानींकडे बघायला, असं तिची आई म्हणायची. येत्या वसंतात घंटाघराचा कठडा नव्याने बांधायचा होता, आणि सरपंचबाईंनी काम बघायला गिल्दोलाच बोलावलं होतं. तेव्हापासून तो दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा जिने चढत होता. आता बेकरीत, पोस्टात आणि पाद्रीबाबांकडे बातमी पोचली होती की गिल्दोची पट्टी चुकली. ज्याची पट्टी चुकते त्याला घंटाघर कोण देतं? आणि घंटाघर गेलं तर म्हातारा कशावर उभा राहील, हे नीव्हेसला बघायचं नव्हतं.

शिळेची कल्पना गावाची, कोरायचं काम गिल्दोचं. एवढ्याशा गावातून इतकं वर उडालेलं दुसरं माणूस झालं नाही, तेव्हा तिच्या उडीएवढ्या उंचीवर पंचायतीच्या भिंतीत एक रेघ असावी, म्हणजे पोरं खाली उभी राहून बघतील. नीव्हेसने खूप आढेवेढे घेतले होते. तिच्या मते तिची कारकीर्द भिंतीवर चढवण्यासारखी नव्हती.

कारकीर्द तरी कसली! अंगणात बापाने दोन खांब रोवून बोटाबोटावर खिळे ठोकले होते आणि त्यावर गवत वाळवायची काठी ठेवली होती. ती काठी पाडत पाडत पोरगी वाढली. मग शाळेच्या मास्तरांनी तिला खालच्या शहरात नेलं, आणि अठराव्या वर्षी, खेळाडूंना नोकरी देतात तसं पोलिसांनी तिला आपल्यात घेतलं. पंधरा वर्षं ती पोलीस होती. त्या पंधरा वर्षांत तिने चोर सोडा, कोंबडीही पकडली नाही. "कायद्याच्या वरून उड्या मारायचा पगार मिळतो हिला," असं दुइलिओ म्हणायचा. उड्या संपल्यावर खात्याने तिला एक टेबल, एक शिक्का आणि पासपोर्टची खिडकी दिली, आणि खऱ्याखुऱ्या कामाच्या पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तिला विचारलं, "तुम्ही नवीन का?"

तिची सगळ्यात उंच उडी, ती एक चौऱ्याण्णव, एका मंगळवारी संध्याकाळी झाली. पाऊस भुरभुरत होता. प्रेक्षक अकरा. त्यातले चार हातोडाफेक संपायची वाट बघत होते. ती तिसरी आली आणि बक्षीस म्हणून तिला एक ट्रॅकसूट मिळाला, तोही पुरुषांचा.

आणि एक सत्त्याण्णव? ती उंची लुव्हीनिसमध्ये लहान पोरालाही माहीत होती, पण गिल्दोच्या घरात कुणी तिचं नाव काढत नसे. नऊ वर्षांपूर्वी, युरोपच्या अंतिम फेरीत, तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. पार झाली असती तर दुसरा नंबर होता. नीव्हेस दांडीवरून गेली, गादीवर पडली, उठली, दोन्ही हात वर केले. दांडी थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली, आणि मग पडली. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला तो हात वर केलेला, मागे दांडी हवेत. ती पाचवी आली. आईचा फोन आला तो आधी एवढंच विचारायला, की घाम आला असताना उघड्यावर बसली नव्हतीस ना, बनियन बदललंस ना.

त्या रात्री बारमध्ये दुइलिओ म्हणाला, "टाच लागली."

गिल्दो म्हणाला, "वारा होता."

"टाच."

"वारा."

दोघं त्यानंतर चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. हिवाळ्यात डुक्कर कापायची वेळ आली, त्याला दोन माणसं लागतातच, म्हणून बोलले. पण त्या विषयावर कधीच नाही.

चौकात कुणी नव्हतं. नीव्हेसने चादरीचा कोपरा उचलला. चादर आईच्या लग्नातली होती, कोपऱ्यावर नक्षीत तिची अक्षरं. खाली करड्या दगडाची शिळा, आणि तिच्यात आडवी रेघ. नीव्हेसला पट्टीची गरज नव्हती. स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर आहे हे हाताला माहीत असतं, तशी ती उंची तिच्या मानेला माहीत होती. चौऱ्याण्णवकडे बघताना मान इतकी वळायची. सत्त्याण्णवकडे बघताना किंचित आणखी. त्या किंचितकडे तिने आयुष्यात पुष्कळ वेळा खालून पाहिलं होतं.

सत्त्याण्णवच होतं.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. रेघ एकसारखी, कडा धारदार, कुठे छिन्नी घसरलेली नाही. खालचा आकडाही सुरेख होता. डोळे गेलेल्या माणसाचं काम असं असतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात इर्माने चादर तोंडात घातली आणि तो विचार राहून गेला.

घरी आई, ओनोरिना, रविवारच्या जेवणासाठी कणीक मळत होती. तिने वर न बघता विचारलं, "टोपी कुठाय तिची?"

"आई, जून महिना आहे."

"जूनचा वारा सगळ्यात वाईट. पोटात शिरतो." मग पिठाच्या हाताने तिने मुलीला जवळ ओढलं आणि आवाज उतरवला. "बेकरीतून आत्ताच आले. पाव आणि बातमी, दोन्ही गरम गरम मिळालं."

"तू बाबाला बोललीस?"

"मी कशाला बोलू? माझं ऐकतो का तो? तू बोल. सांग त्याला, बाबा, डोळे गेले, आता शिडीवर चढायचं नाही. घंटाघर विसरायचं. सांग, नीव्हेस. ही वेळ परत येणार नाही."

"आई! त्याला किती लागेल."

"घंटाघरावरून पडला तर कमी लागेल?" ओनोरिनाने कणकेवर थाप मारली. "मी तुझी एक उडी डोळ्यांनी बघितली नाही. दरवेळी इथे उभी राहून कणीक मळत होते. तुझ्या वेळची कणीक खाऊन खाऊन तुझा बाप जाडा झाला. आता त्याच्यासाठी मळत बसू होय? जा, तो मागे आहे."

गिल्दो अंगणात तिवईवर बसून छिन्नीला धार लावत होता. नात दिसल्यावर त्याने छिन्नी बाजूला ठेवली, हात पँटला पुसले, आणि इर्माला मांडीवर घेऊन तिच्या हातात पाणसळ दिली. त्यातला बुडबुडा इकडून तिकडे पळताना बघून इर्मा थक्क झाली.

"मोठी झाली की गवंडी होणार," गिल्दो म्हणाला. "उडीबिडीच्या नादाला लागू देऊ नकोस."

"बाबा, मी रेघ बघितली."

"चादर उचललीस? रविवारी उघडायची होती ती."

"सगळ्या गावाने उचललीय."

"बरं. सरळ आहे?"

"सरळ आहे."

"मग?"

नीव्हेसने वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. चौक उतरता आहे, फरशी कुणीतरी बदललीय, पट्टी जुनी असेल. बापासमोर आल्यावर त्यातलं एकही उभं राहीना.

"वर आहे," ती म्हणाली.

"किती?"

"तीन सेंटिमीटर."

गिल्दोने छिन्नी उचलून तिच्या धारेवर फुंकर मारली. "दोन पूर्णांक नऊ. धारेचा एक मिलिमीटर जातो, तो मी धरलेला आहे."

नीव्हेस त्याच्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"साठ वर्षं झाली मला या धंद्यात. मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल, दुइलिओला?"

"अरे बाबा, लोक म्हणतायत तुझे डोळे गेले!"

"म्हणू दे. बघायचं ते बघून झालंय."

"घंटाघर काढून घेतील तुझ्याकडून."

यावर तो थोडा थांबला. म्हणजे हा विचार त्याने केला होता, आणि तो त्याला जड गेला होता. मग म्हणाला, "आकडा मी चौऱ्याण्णवच कोरलाय. पंचायतीने दिला तोच. खोटं एक अक्षर नाही त्यात. आकडा त्यांचा. रेघ माझी. रेघेला कुठे आकडा असतो? तू सत्त्याण्णव पार केलं होतंस, तिथे मी रेघ मारली. वारा नसता तर सगळ्यांनी मारली असती."

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. गप्प बसूनच तर नऊ वर्षं गेली होती. नीव्हेसने 'हो, वाराच होता' एवढं चौकात एकदा म्हटलं असतं, तर बाप खरा ठरला असता, डोळे शाबूत, घंटाघर शाबूत. उडी तिची होती. दुसरं कुणी साक्षीला येणार नव्हतं. आणि तो तिच्याकडे बघत होता, इर्मा पाणसळीकडे बघत होती तसा, बुडबुडा कुठे थांबतो याची वाट बघत.

"वारा नव्हता, बाबा."

"होता."

"मैदानावरचे सगळे झेंडे लोंबत होते. टाच लागली. उजवी. मला कळलं. हवेत असतानाच कळलं."

गिल्दोने इर्माची घसरलेली पाणसळ सरळ केली. मग म्हणाला, "मग हात का वर केलेस?"

"दांडी अजून पडली नव्हती." नीव्हेसला हसू आलं आणि डोळेही भरून आले, तिने दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. "मला वाटलं, कदाचित ती विसरेल."

गिल्दोचे खांदे हलले. आधी तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता.

"विसरेल म्हणे! चार मीटरची दांडी!"

"हसू नकोस. सव्वीस वर्षांची होते मी."

"मलाही दिसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"टाच. टीव्हीवर. चार वेळा दाखवली त्या हरामखोरांनी, हळू करून."

"मग नऊ वर्षं वारा वारा काय लावलं होतंस?"

"दुइलिओने आधी टाच म्हटलं ना!" गिल्दो उसळून म्हणाला. "मग मला दुसरं काय उरलं?" मग जरा शांत झाला. "ऐक. मी बघत होतो. डोकं गेलं पलीकडे. खांदे गेले. पाठ गेली. बूड गेलं, आणि ते माझ्या आईकडून आलेलं बूड आहे, ते त्या दांडीवरून जाणं म्हणजे खायचं काम नाही. गुडघे गेले. सगळी पोरगी पलीकडे गेली ग, आणि एक टाच अलीकडे राहिली, तर म्हणे पाचवी. टाचेवरून कुणी माणूस मोजतं?"

"उंच उडीत टाचेवरूनच मोजतात."

"मूर्ख खेळ आहे."

"आहे. पण मी तोच खेळले." ती त्याच्यासमोर खाली बसली. "बाबा, डेअरीमागची ती भिंत आठवते? तुझ्या हाताखालच्या पोरांनी दिवसभर बांधली होती आणि तू संध्याकाळी येऊन पाडायला लावलीस."

"एक बोट बाहेर गेली होती."

"एका बोटाने पडली असती ती?"

"एका बोटाने भिंत पडत नाही. शंभर वर्षं राहिली असती." तो तोऱ्यात सांगत होता. "पण मला रोज तिच्यासमोरून कामाला जायचं होतं. मी कसा..."

आणि तो थांबला. साठ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, पण स्वतःच्या बोलण्याचा खड्डा त्याला पाय पडल्यावर दिसला.

"माझी बस पंचायतीसमोर थांबते," नीव्हेस म्हणाली. "रोज सकाळी पावणेसातला. रोज त्या रेघेखाली उभं राहायचंय मला."

इर्माने पाणसळ खाली टाकली. गिल्दोने उचलली नाही. तो बोटाने छिन्नीची धार चाचपत होता.

"कोरलेली रेघ पुसता येत नाही," तो अखेर म्हणाला. "शिळा काढायची तर फुटणार. खाली आणायची तर भिंत खणावी लागेल, आणि रविवार परवा आहे."

"माहीत आहे मला."

"मग सांगितलंस कशाला?"

"कुणाला तरी सांगायचंच होतं. हात का वर केलेस, असं तूच पहिल्यांदा विचारलंस."

खिडकीतून ओनोरिना डोकावली. "सांगितलंस का ग त्याला?"

"सांगितलं, आई!"

"काय म्हणाला?"

गिल्दो अंगणातल्या जमिनीकडे बघत होता, भिंतीच्या पायाशी, आणि त्याचे ओठ हलत होते. मुलगी त्याला लहानपणापासून ओळखत होती. हा माणूस असा ओठ हलवतो तेव्हा बेरीज वजाबाकी चाललेली असते.

"रेघ खाली येत नाही," तो म्हणाला. "जमीन वर येते."

शनिवारी सकाळी सहा वाजता दोघं चौकात होती. इर्मा बाबागाडीत, डोक्याला आजीने लोकरीची टोपी बांधलेली, इतक्या सकाळी टोपी नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. नीव्हेसचा नवरा देनिस डेअरीच्या पहिल्या पाळीला गेला होता, पण जाताना त्याने फरशी हातगाडीवर चढवून दिली होती. फरशी दोन सेंटिमीटर जाडीची, दोन पायांचा माणूस नीट उभा राहील एवढी. गिल्दोने ती संध्याकाळभर घासली होती आणि तिची पुढची कड उतरती केली होती, म्हाताऱ्यांना ठेच नको म्हणून. फरशीखाली एक सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा मसाला. मसाला नीव्हेसने कालवला.

"पाणी कमी."

"घातलं की."

"उडी मारताना पाणी लागत नव्हतं, म्हणून कळत नाही तुला. अजून."

त्याने फरशी बसवली, लाकडी हातोडीने चार कोपऱ्यांवर टकटक केलं, पाणसळ ठेवली, परत टकटक केलं. गुडघ्यांवर बसताना तो कण्हला, पण बुडबुडा मधोमध येईपर्यंत उठला नाही. मग उभा राहून त्याने शिळेवरची चादर उचलून धरली आणि पट्टी लावली. एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या, एकदा मध्ये.

"मध्ये का?" नीव्हेसने विचारलं. "दगड थोडाच वाकतो?"

"दांडी वाकते ना. तुमचे लोक मध्येच मोजतात. मी टीव्हीवर बघितलंय."

समोरून दुइलिओ येत होता. शनिवारी सकाळी तो ब्रूनाचं दार उघडायच्या आधी दारात असायचा. फरशी दिसल्यावर तो थबकला, शिळेकडे बघितलं, गिल्दोकडे बघितलं, आणि खिशातून पिवळी पट्टी काढली.

"पाय ठेवू नकोस, ओली आहे," गिल्दो म्हणाला. "वरून मोज."

दुइलिओने वाकून पट्टी फरशीवर टेकवली. मोजलं. पुन्हा मोजलं.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "एका रात्रीत तीन सेंटिमीटर उतरली पोरगी! म्हातारपण असंच येतं बघ."

"पायाची फरशी बसायची होती," गिल्दो म्हणाला. "अर्धवट काम मोजायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"फरशी? फरशीचं कुणी बोललं नव्हतं."

"गवंडी सगळं पोस्टमनला सांगून करतो का?"

दुइलिओ हरला नव्हता. त्याने पट्टी घडी घडी करून मिटली आणि नीव्हेसकडे बघून डोळा मारला. "बरं, फरशी तर फरशी. गावाला सांगतो, गिल्दोचे डोळे परत आले. पण तीन सेंटिमीटर हा काय योगायोग रे, गिल्दो? बरोब्बर तीन? आता तरी बोल. वारा का टाच?"

नीव्हेसने घमेल्यातल्या मसाल्याकडे बघितलं. बाप काय म्हणेल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या वतीने तिला उत्तर द्यायचंही नव्हतं. तिचं सांगून झालं होतं.

गिल्दोने मसाला लावायची करणी पुसली. एक बाजू, मग दुसरी बाजू.

"टाच," तो म्हणाला.

दुइलिओचं तोंड उघडं राहिलं. नऊ वर्षं तो या शब्दाची वाट बघत होता, आणि आता तो मिळाल्यावर कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने टोपी काढली. परत घातली. शिळेकडे बघितलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "थोडा वाराही असेल. टीव्हीवर कुठे कळतं?"

"नव्हता. झेंडे लोंबत होते."

"एखादी झुळूक असेल रे."

"दुइलिओ, जा बघू. तुझ्या नावाने ब्रूनाचा ग्लास गार होतोय."

"पांढरी वाइन गारच असते," दुइलिओ पुटपुटला, आणि गेला. पाठमोरा जरा वाकल्यासारखा दिसत होता. चार पावलांवर जाऊन मात्र तो ताठ झाला. आज सांगायला त्याच्याकडे दोन बातम्या होत्या, आणि बेकरी उघडली होती.

"आई चिडणार," नीव्हेस म्हणाली. "आता तू घंटाघरावर चढणार."

"चढणार. हळू चढेन म्हण तिला." तो परत गुडघ्यांवर बसला आणि फरशीच्या कडेने निघालेला मसाला करणीने घेऊ लागला. इर्मा बाबागाडीत टोपी ओढून काढायच्या खटपटीत होती. बेकरीकडून पावाचा वास यायला लागला. नीव्हेसला वाटलं, आता काम झालं, घमेलं धुवून घरी जावं. पण बाप उठत नव्हता, आणि त्याच्या हातात काढण्यासारखा मसालाही उरला नव्हता.

"जोरात लागली होती का?" खाली बघतच त्याने विचारलं.

"टाच?"

"हं."

नीव्हेसने आठवायला वेळ घेतला नाही. "नाही. अगदी हळू. इर्मा झोपेत पाय मारते ना, तसं. मला वाटलं, एवढ्याने काही होत नाही."

गिल्दोने मान हलवली. करणी फरशीच्या कडेवरून, गरज नसताना, आणखी एकदा फिरली.

"मी फक्त शेवट बघितला ग," तो म्हणाला. "दांडीच्या आधीचं काही दाखवलंच नाही त्यांनी. सुरुवातीपासून सांग. धाव कुठून घेतलीस?"

ती पंचायतीच्या पायरीवर बसली आणि बाबागाडी जवळ ओढून घेतली.

"उजवीकडून. दहा पावलं."

"दहा? मला नऊ वाटायची."

"दहा, बाबा. पहिलं लहान असतं, ते तू धरलं नसशील."

"बरं, दहा," गिल्दो म्हणाला आणि तिच्या शेजारी पायरीवर जागा करून बसला. "पहिलं पाऊल कुठलं?"